गोळी नेमकी कुठे लागते?

शाळेच्या पुस्तकातली जिवाणूची आकृती मला अजून डोळे मिटून काढता येते. लांबट, दोन्ही टोकांना गोल. कडेने एकात एक दोन-तीन रेघा, पोटात दोऱ्याचा गुंता, भोवती ठिपके, अंगावर केस आणि मागे लांब शेपटी. उजव्या बाजूला पट्टीने ओढलेल्या रेघा आणि त्यांच्यापुढे नावे. ‘सुबक व नामनिर्देशित आकृती काढा’ असा प्रश्न आला की गुण खात्रीचे असत. पेशीभित्तिका, प्रद्रव्यपटल, पेशीद्रव्य, रायबोसोम, कशाभिका ही नावे पाठ होती. त्यांचा घरातल्या औषधांच्या डब्याशी संबंध आहे, हे मात्र पुष्कळ वर्षांनी कळले.

तो डबा उघडा. जुन्या आजारपणांतून उरलेल्या पट्ट्या बहुतेक घरांत असतात. ॲमॉक्सिसिलिन, ॲझिथ्रोमायसिन, डॉक्सिसायक्लिन, सिप्रोफ्लॉक्सासिन. चारही प्रतिजैविके, चारही जिवाणूंवरची. पण प्रत्येकीचा मारा वेगळ्या जागी असतो. पहिली जाते भित्तिकेवर. दुसरी आणि तिसरी रायबोसोमवर, त्यातही एक त्याच्या मोठ्या तुकड्यावर आणि एक लहान तुकड्यावर. चौथी गाठते तो पोटातला दोऱ्याचा गुंता. आकृतीतल्या रेघा आणि डब्यातल्या पट्ट्या जवळजवळ ठेवल्या तर रेघांपुढच्या बहुतेक नावांना एखादे औषध सापडते. ही औषधे आपल्या पेशींना मुकाट वगळून जिवाणूला धरतात, कारण ज्या भागावर ती बसतात तो भाग आपल्याकडे एक तर नाहीच, किंवा आहे पण घडण वेगळी आहे. जिवाणूच्या अंगांची यादी म्हणजे आपल्यातल्या आणि त्याच्यातल्या फरकांची यादी. ती पाठ करायला सांगितली, पण कशासाठी ते सांगायचे राहून गेले.

उदाहरणाला एकच जिवाणू घेऊ, ई. कोलाय. जर्मन बालरोगतज्ज्ञ थिओडोर एशरिश यांनी १८८५ मध्ये लहान मुलांच्या शौचात तो पाहिला. आपल्या आतड्यात तो जन्मभर राहतो, त्याचे बहुतेक प्रकार निरुपद्रवी असतात, आणि जगात कुठल्याही जिवाणूचा इतका बारकाईने अभ्यास झालेला नाही. लांबी साधारण दोन मायक्रोमीटर. एकापुढे एक पाचशे ठेवले की कुठे एक मिलिमीटर भरतो.

बाहेरून सुरुवात करू, कारण इतिहासानेही तशीच केली. १८८४ मध्ये हान्स क्रिस्टियान ग्राम हा डॅनिश डॉक्टर बर्लिनमध्ये कार्ल फ्रीडलेंडर यांच्याकडे काम करत होता. न्यूमोनियाने दगावलेल्यांच्या फुप्फुसाचे पातळ काप त्याच्यासमोर होते. त्या उतींच्या गर्दीत जिवाणू उठून दिसावेत, एवढीच त्याची गरज. त्याने जांभळा रंग चढवला. हा जेन्शियन व्हायोलेट पूर्वी आपल्याकडे तोंड आल्यावर लावत, तेच ते जांभळे औषध. मग आयोडीनचे पाणी घातले आणि शेवटी अल्कोहोलने सगळे धुऊन काढले. फुप्फुसाच्या पेशींचा रंग गेला, काही जिवाणूंचा मात्र गेलाच नाही. काहींचा गेलाही, विषमज्वराचे जिवाणू धुतल्याबरोबर रंगहीन झाले. ग्रामला ही पद्धतीतली उणीव वाटली आणि त्याने प्रामाणिकपणे तसे लिहिलेही. पण ज्याला तो उणीव समजत होता तोच खरा शोध होता. जिवाणूंचे दोन मोठे गट त्या काचपट्टीवर वेगळे झाले होते. रंग धरून ठेवणारे ते ग्राम-पॉझिटिव्ह, सोडून देणारे ग्राम-निगेटिव्ह. सोडून देणारेही दिसावेत म्हणून शेवटी गुलाबी रंग चढवण्याची रीत नंतर आली.

कॉलेजात पहिल्यांदा मी हे रंजन केले ते विरजणावर. दह्याचा पुसटसा थर काचपट्टीवर वाळवला आणि पाचेक मिनिटांत भिंगाखाली जांभळ्या मण्यांच्या माळा आणि जांभळ्या काड्या दिसल्या. मणी म्हणजे स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलस, काड्या म्हणजे लॅक्टोबॅसिलस. आदल्या रात्री आईने लावलेले दही इतके गजबजलेले असेल, असे मला वाटले नव्हते. अल्कोहोल किती सेकंद ठेवायचे यावर शिक्षक फार कटाक्ष ठेवत. ते जास्त वेळ राहिले तर जांभळ्या जिवाणूचाही रंग निघून जातो आणि निदान उलटे होते.

रंग राहतो की जातो हे ठरवते भित्तिका. दह्यातल्या जिवाणूंची भित्तिका वीस ते ऐंशी नॅनोमीटर जाड, थरावर थर चढवलेली. अल्कोहोलने ती आक्रसते आणि आत शिरलेला रंग कोंडला जातो. ई. कोलायची जेमतेम काही नॅनोमीटरची असते, रंग तिच्यातून गळून जातो.

ही भित्तिका हवी कशाला? जिवाणूच्या आत क्षार, शर्करा, अमिनो आम्ले, प्रथिने दाटून भरलेली असतात आणि बाहेर बहुधा पातळ पाणी. पाणी सारखे आत येऊ पाहते. ई. कोलायच्या आतून बाहेर पडणारा दाब मोटारीच्या टायरमधल्या हवेच्या जवळपास जातो आणि काही ग्राम-पॉझिटिव्ह जिवाणूंत तो त्याच्या कित्येक पट असतो. नुसत्या पटलाला हा दाब सोसत नाही. फुटबॉलमधल्या फुग्याला जसे वरचे चामडे सावरते, तसे पटलाला भित्तिका सावरते. जिवाणूचा आकारही तीच ठरवते. भित्तिका विरघळवली आणि पेशी फुटू दिली नाही, तर काडीसारखा ई. कोलाय चेंडूसारखा गोल होतो.

तिची वीण पाहण्यासारखी आहे. दोन प्रकारच्या शर्करा आलटून पालटून ओवलेल्या लांब साखळ्या, आणि त्या साखळ्यांना एकमेकींशी जोडणारे अमिनो आम्लांचे आखूड टाके. या द्रव्याचे नाव पेप्टिडोग्लायकन. खाटेची वीण जशी एका सुंभातून सगळी खाट व्यापते, तशी ही जाळी जिवाणूभोवती अखंड असते. अख्खी जाळी म्हणजे रसायनशास्त्राच्या भाषेत एकच अवाढव्य रेणू. टाक्यांत वापरलेली काही अमिनो आम्ले तर उलट्या घडणीची असतात. डावा हात आणि उजवा हात सारखेच दिसतात, पण एकाचा हातमोजा दुसऱ्याला बसत नाही, तसे. आपल्या शरीरातली प्रथिने सगळी एका हाताची. ही दुसऱ्या हाताची. प्रथिने कुरतडणाऱ्या नेहमीच्या विकरांना हे टाके सहजी धरता येत नाहीत.

आता अडचण बघा. जिवाणूला वाढायचे आहे आणि अंगावरचे चिलखत शिवलेले आहे. वाढायचे तर जुने टाके उसवून मध्ये नवा पट्टा घालायला हवा, तोही आतला दाब क्षणभरही मोकळा न सोडता. उसवणारी विकरे वेगळी, शिवणारी वेगळी, दोघांचे काम सतत जोडीने चाललेले. पेनिसिलिन नेमके या शिवणाऱ्याच्या हातात जाऊन बसते. टाक्याच्या टोकाला ॲलनिनची एक जोडी असते आणि पेनिसिलिनच्या रेणूचा आकार तिच्यासारखा दिसतो. विकर फसते, त्याला धरते आणि कायमचे अडकते. शिवण थांबते, उसवणे चालू राहते, आणि जिवाणू स्वतःच्याच दाबाने फुटतो. म्हणूनच पेनिसिलिन वाढत्या जिवाणूला मारते. निपचित पडलेल्याला ते फारसे काही करू शकत नाही. आपल्या पेशींना भित्तिकाच नाही, तिथे पेनिसिलिनला काम नसते.

लंडनच्या सेंट मेरी रुग्णालयात अलेक्झांडर फ्लेमिंग यांना १९२८ मध्ये बुरशीभोवती जिवाणू नाहीसे झालेले दिसले, ही गोष्ट सर्वांना ठाऊक असते. त्याआधी काही वर्षे त्यांनीच नाकातल्या शेंबडात आणि अश्रूंत जिवाणू विरघळवणारे लायसोझाइम शोधले होते, हे कमी जणांना ठाऊक असते. तेही भित्तिकेवरच जाते. ते शर्करेची साखळीच कापते. म्हणजे डोळा रोज जे करत आला, त्याच जागेवर बुरशीचे औषधही बसत होते. आपल्याकडे १९५४ मध्ये पुण्याजवळ पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स स्थापन झाली आणि पेनिसिलिन देशातच तयार होऊ लागले.

भित्तिकेचा पत्ता जवळजवळ सगळ्याच जिवाणूंवर असतो, आतड्यातल्या उपकारक जिवाणूंवरही. ॲमॉक्सिसिलिनच्या गोळ्या सुरू असताना पोट बिघडते, त्यामागचे एक कारण हेच. उलट मायकोप्लाझ्मा नावाच्या जिवाणूंना भित्तिका मुळातच नसते. त्यांच्यामुळे झालेल्या न्यूमोनियात पेनिसिलिन कितीही दिले तरी उपयोग होत नाही.

ई. कोलायसारख्या ग्राम-निगेटिव्ह जिवाणूंनी पातळ भित्तिकेची भरपाई वेगळ्या तऱ्हेने केली आहे. भित्तिकेच्या बाहेर त्यांना आणखी एक पटल असते. या बाह्यपटलात प्रथिनांची बारीक नळकांडी रोवलेली असतात आणि लहान रेणूंनाच तेवढी वाट मिळते. फ्लेमिंगच्या मूळ पेनिसिलिनला या दारातून नीटसे जाता येत नव्हते. त्याच्या रेणूत थोडा फेरफार करून १९६१ मध्ये ॲम्पिसिलिन बाजारात आले, ते या नळकांड्यांतून आत जाऊ शकले. ॲमॉक्सिसिलिन त्याचेच भावंड.

बाह्यपटलाचा बाहेरचा पदर लिपोपॉलिसॅकराइड नावाच्या द्रव्याचा असतो, आणि आपले शरीर त्याला जबर घाबरते. त्याचा रक्तातला लहानसा अंशही हुडहुडी भरवतो; प्रमाण वाढले तर रक्तदाब कोसळून जीव जातो. रिचर्ड फायफर यांनी १८९२ मध्ये पटकीच्या जिवाणूवर काम करताना या विषाला ‘एंडोटॉक्सिन’ म्हटले. जिवाणू मेला तरी हे विष मरत नाही, उकळल्यानेही जात नाही. शंभर वर्षांपूर्वी शिरेतून सलाईन दिल्यावर रुग्णाला कारण नसताना ताप भरत असे. १९२३ मध्ये अमेरिकेत फ्लॉरेन्स सायबर्ट यांनी दाखवले की ऊर्ध्वपातित पाण्यात जिवाणूंचा मागमूस राहतो आणि दोष त्याचा असतो. आज सलाईनच्या बाटलीत जिवंत जिवाणू नाही एवढे पुरत नाही. मेलेल्या जिवाणूचे बाह्यपटलही नाही, याची चाचणी करूनच ती बाहेर पडते.

क्षयाचा जिवाणू या दोन्ही गटांत धड बसत नाही. त्याच्या भित्तिकेवर मायकोलिक आम्लांचा मेणचट लेप असतो. ग्रामचा रंग त्याला नीट चढत नाही. गरम केलेला लाल रंग एकदा मुरला की मग आम्लानेही जात नाही. थुंकीच्या तपासणीत निळ्या पार्श्वभूमीवर दिसणाऱ्या बारीक लाल काड्या त्या याच. आयसोनिआझिड हे क्षयाचे जुने औषध हा लेपच तयार होऊ देत नाही. मेणामुळे अन्नही हळूहळूच आत येते. ई. कोलाय वीस मिनिटांत दुप्पट होतो, तर क्षयाच्या जिवाणूला त्यासाठी जवळजवळ दिवस लागतो. औषध महिनोन्‌महिने घ्यावे लागते, त्यामागे हा संथपणाही आहे.

काही जिवाणू या सगळ्यावर शर्करेचा बुळबुळीत अंगरखा घालतात. न्यूमोनियाच्या न्यूमोकॉकसला तो असला की पांढऱ्या पेशींना त्याला पकडता येत नाही. अंगरखा नसलेला न्यूमोकॉकस उंदराला आजारी पाडू शकत नाही. फ्रेडरिक ग्रिफिथ यांनी १९२८ मध्ये अंगरखेवाले जिवाणू मारून बिनअंगरख्याच्या जिवंत जिवाणूंत मिसळले, आणि जिवंतांना अंगरखा आला. काय बदलून गेले, याचा शोध घेताघेता १९४४ मध्ये ॲव्हरी आणि सहकाऱ्यांनी उत्तर दिले: डीएनए. अनुवंशाचे द्रव्य कोणते, या प्रश्नाची वाट जिवाणूच्या अंगरख्यातून गेली आहे. बाळांना दिली जाणारी न्यूमोकॉकसची लसही या अंगरख्याचीच. निरनिराळ्या प्रकारांच्या शर्करा प्रथिनाला जोडून ती तयार करतात. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने दहा प्रकारांवरची अशी लस डिसेंबर २०२० मध्ये भारतात आणली.

भित्तिकेच्या आत असते प्रद्रव्यपटल. आकृतीत ती नुसती एक रेघ, आणि पुस्तकात ‘निवडक पदार्थांना आत-बाहेर जाऊ देते’ असे एक वाक्य. त्या वाक्याने या पटलावर अन्याय केला आहे. जिवाणूला मायटोकॉन्ड्रिया नसतात. मग श्वसन कुठे चालते? याच पटलात. अन्नाच्या ज्वलनातून मिळालेली ऊर्जा वापरून पटलातली प्रथिने हायड्रोजनचे भारित कण, म्हणजे प्रोटॉन, बाहेर उपसून टाकतात. बाहेर त्यांचा साठा होतो आणि ते आत येऊ पाहतात. कोयनेच्या धरणामागे पाणी अडवून ते टर्बाइनवर सोडावे, तसे हे प्रोटॉन एका ठरावीक प्रथिनातून आत येतात, आणि येताना त्या प्रथिनाचा भाग खरोखर गरगर फिरवतात. त्या फिरण्यातून एटीपी तयार होते, पेशीतला चलनी रुपया. टर्बाइन हा शब्द इथे मी उपमेखातर वापरत नाही. ते यंत्र चाकासारखेच फिरते. प्रोटॉनच्या या साठ्याची कल्पना पीटर मिचेल यांनी १९६१ मध्ये मांडली तेव्हा फार थोड्यांना ती पटली. १९७८ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. बेडाक्विलिन हे औषध २०१२ मध्ये मान्यता मिळून आले, ते क्षयाच्या जिवाणूच्या या फिरत्या चाकात खुंटी घालते. इतर औषधांना दाद न देणाऱ्या क्षयावर ते आज भारतातही वापरले जाते.

धरणाचे पाणी एकाच कामाला लागत नाही. त्याच प्रोटॉनच्या ओढीवर शेपटीही चालते. कशाभिका चाबकासारखी हलते, असे पूर्वी समजत. ‘कशा’ म्हणजे चाबूक, नावातच तो समज आहे. १९७३ मध्ये हॉवर्ड बर्ग आणि रॉबर्ट अँडरसन यांनी दाखवून दिले की ती हलत नाही, बुडापासून फिरते. पुढच्या वर्षी दुसऱ्या दोघा संशोधकांनी कशाभिका काचेला चिकटवून ठेवली; शेपटी अडकल्यावर अख्खा जिवाणूच गरगर फिरू लागला. पटलात आणि भित्तिकेत बसवलेली ही मोटर सेकंदाला शंभराहून जास्त फेरे घेऊ शकते. शेपटी पोकळ असते, आणि ती बुडाकडून नव्हे, टोकाकडून वाढते. नवी प्रथिने आतल्या पोकळीतून सरकत टोकाला जातात आणि तिथे बसतात.

ई. कोलायच्या अंगावर अशा चार-पाच कशाभिका असतात. मोटरी एका दिशेने फिरल्या की सगळ्या शेपट्यांची एक वेणी होते आणि जिवाणू सरळ पोहतो, सेकंदाला आपल्या अंगाच्या दहापट अंतर. एखादी मोटर उलटी फिरली की वेणी सुटते, तो जागच्या जागी कोलमडतो आणि भलत्याच दिशेला तोंड करतो. साधारण सेकंदभर पोहणे, क्षणभर कोलमडणे, असे त्याचे जगणे चालते. अन्न कुठे आहे हे त्याला असे कळते: अंग इतके लहान की पुढच्या आणि मागच्या टोकातला फरक मोजून भागत नाही. म्हणून तो आत्ताची चव तीन-चार सेकंदांपूर्वीच्या चवीशी ताडून पाहतो. गोडी वाढत असेल तर कोलमडणे लांबवतो, कमी होत असेल तर लवकर कोलमडून दिशा बदलतो. मेंदू नाही, मज्जातंतू नाही, पण स्मरण आहे. भौतिकशास्त्रज्ञ एडवर्ड पर्सेल यांनी १९७६ मध्ये एका व्याख्यानात हिशेब मांडला की पोहणाऱ्या जिवाणूची मोटर बंद पडली तर तो अणूच्या व्यासाहूनही कमी अंतरात थांबतो. इतक्या लहान अंगाला पाणी काकवीहून दाट लागते. आकृतीतली ती नागमोडी रेघ आम्ही किती सहज ओढत होतो!

आकृतीत आणखी एक नाव असे, मेसोसोम. पटलाची आत वळलेली एक चुणी. तिचे काम श्वसन की विभाजन, याची उत्तरे आम्ही पाठ केली. पुढे कळले की इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासाठी पेशीवर रसायने चढवताना पटल चुरगळते आणि ही चुणी पडते. पेशी झटकन गोठवून पाहिली तर ती दिसत नाही. मेसोसोम जिवंत जिवाणूत नसतोच. अनेक पुस्तकांतून तो अजून गेलेला नाही, आणि मुले त्यावर गुण मिळवत आहेत, याचे मला मनापासून वाईट वाटते. त्या रेघेपुढे कुठलेही औषध सापडत नाही, सापडणारही नाही.

आत गेले की खोल्या नाहीत. आपल्या पेशीत केंद्रकाला भिंत असते, इतर कामांचे वेगळे कप्पे असतात. जिवाणूत सगळे एकाच दालनात, दाटीवाटीने. ई. कोलायच्या पोटात काही लाख, वेगाने वाढत असेल तर तीसेक लाख प्रथिनांचे रेणू एकमेकांना घासत असतात. आकृतीतले ठिपके म्हणजे रायबोसोम, प्रथिने जोडणारी यंत्रे. वेगाने वाढणाऱ्या पेशीत ती हजारोंनी असतात आणि प्रत्येक जण सेकंदाला पंधरा-वीस अमिनो आम्ले जोडत जातो. भिंत नसण्याचा इथे फायदा होतो. डीएनएवरून आरएनएची नक्कल अजून उतरतेच आहे, तोवर तिच्या सुट्या टोकाला रायबोसोम येऊन कामाला लागतात, एकामागून एक. आपल्या पेशीत नक्कल आधी पुरी होते, केंद्रकाबाहेर येते आणि मग तिचे वाचन सुरू होते.

जिवाणूचा रायबोसोम आपल्यापेक्षा लहान आणि वेगळ्या घडणीचा. स्ट्रेप्टोमायसिन, डॉक्सिसायक्लिन त्याच्या लहान तुकड्यावर बसतात, ॲझिथ्रोमायसिन मोठ्या तुकड्यातल्या बोगद्यात, जिथून नवे प्रथिन बाहेर येते. हे अणू-अणूपर्यंत पाहता आले २००० च्या सुमारास. चिदंबरमला जन्मलेले आणि बडोद्याला शिकलेले व्यंकटरामन रामकृष्णन यांनी गरम झऱ्यात राहणाऱ्या एका जिवाणूच्या लहान तुकड्याची रचना उलगडली. २००९ चे नोबेल त्यांना, थॉमस स्टाइट्झ यांना आणि ॲडा योनाथ यांना मिळाले. पण या फरकात एक फट आहे. आपल्या पेशीतले मायटोकॉन्ड्रिया कोणे एके काळी स्वतंत्र जिवाणू होते, आणि त्यांचे रायबोसोम अजून त्या वळणाचे आहेत. काही कुटुंबांत मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएमध्ये एका अक्षराचा बदल आईकडून मुलांत येतो आणि त्यांचे रायबोसोम जिवाणूसारखे आणखीच दिसू लागतात. अशा माणसाला स्ट्रेप्टोमायसिनच्या जातीचे इंजेक्शन दिले तर कायमचे बहिरेपण येऊ शकते. गोळी जुन्या पत्त्यावर पोचते.

उरला दोऱ्याचा गुंता. ई. कोलायचा डीएनए एकच, गोल वळलेला, सुमारे ४६ लाख अक्षरांचा. त्याचे संपूर्ण वाचन १९९७ मध्ये प्रसिद्ध झाले. सरळ केला तर दीड मिलिमीटर भरतो, म्हणजे जिवाणूच्या अंगाच्या सात-आठशे पट. तो पीळ देऊन, पिळावर पीळ चढवून बसवलेला असतो. नक्कल होताना पुढचा पीळ घट्ट होत जातो आणि सोडवला नाही तर काम अडते. गायरेज नावाचे विकर दोन्ही दोर कापते, मधून दुसरा दोर पार करते आणि कापलेले पुन्हा जोडते. सिप्रोफ्लॉक्सासिन त्याला कापल्यानंतर आणि जोडण्याआधी, त्या मधल्या क्षणात धरून ठेवते. डीएनए तुटलेलाच राहतो.

अख्ख्या डीएनएच्या नकलेला चाळीसेक मिनिटे लागतात, आणि जिवाणू तर वीस मिनिटांत दुभंगतो. हे कोडे सुटते ते असे: पहिली नक्कल पुरी व्हायच्या आत दुसरी सुरू होते. जन्माला येणाऱ्या पेशीत तिच्या लेकींसाठीची, इतकेच काय नातींसाठीची नक्कलही अर्धवट चाललेली असते.

मोठ्या गोलाशेजारी डीएनएची लहान कडी असतात, प्लास्मिड. जगायला ती लागतातच असे नाही, पण पेनिसिलिन तोडणाऱ्या विकराची कृती बहुधा त्यांच्यावर लिहिलेली असते. अंगावरच्या एका लांब केसाने दुसऱ्या जिवाणूला जवळ ओढून हे कडे त्याला देता येते, जात वेगळी असली तरी. डब्यातल्या पट्ट्या निकामी होत चालल्या आहेत, त्यात या कड्यांचा वाटा मोठा.

ई. कोलायला न येणारी एक गोष्ट बॅसिलस नावाच्या जिवाणूला येते. उपासमार झाली की तो डीएनएची एक प्रत आत घेऊन भोवती थरांवर थर चढवतो, आतले पाणी काढून टाकतो आणि बीजाणू होतो. भात शिजवताना बॅसिलस सिरिअसचे बीजाणू मरत नाहीत. भात रात्रभर ओट्यावर राहिला की ते जागे होतात, वाढतात आणि त्यांतले काही असे विष सोडतात की सकाळी परतून, फोडणी देऊनही ते जात नाही. उरलेला भात निवल्यावर लगेच फ्रिजमध्ये ठेवायचा तो यासाठी.

शेवटी जिवाणूला दुभंगायचे असते, तेही बरोबर मध्यावर. मध्य कसा ओळखायचा? मिन नावाची प्रथिने पेशीच्या एका टोकाला गोळा होतात, मग सुटून दुसऱ्या टोकाला, पुन्हा पहिल्या. मिनिटभरात एक येरझार. त्यांचा मुक्काम टोकांना जास्त, मध्याला सर्वांत कमी, आणि ती असतील तिथे विभाजनाचे कडे बसू देत नाहीत. म्हणून एफटीएस-झेड या प्रथिनाचे कडे मध्यावरच बसते. त्या कड्याच्या मागोमाग भित्तिका शिवणारी विकरे येतात, तीच, पेनिसिलिन ज्यांना धरते, आणि मधोमध नवी भिंत आत आत शिवत नेतात.

भिंत पुरी झाली की दोन लेकी वेगळ्या होतात. प्रत्येकीचे एक टोक आत्ताच शिवलेले, कोरे. दुसरे आईकडून आलेले, आणि आईला ते तिच्या आईकडून आलेले असू शकते. टोकांवरची भित्तिका एकदा शिवली की फारशी बदलत नाही. २००५ मध्ये काही संशोधकांनी एकेका पेशीवर सूक्ष्मदर्शकाखाली पिढ्यान्‌पिढ्या नजर ठेवली, तेव्हा दिसले की जुने टोक वाट्याला आलेली लेक दर पिढीला किंचित सावकाश वाढते. सारख्याच दिसणाऱ्या दोन काड्या, पण एकीच्या अंगावर शेकडो पिढ्यांपूर्वीचा टाका असू शकतो.